सोळा नंबरवर कोणी नाही

पारशिवनीच्या बसनं आलो, बर्डीवर उतरलो.
खिशात सोसायटीचे सतरा हजार सहाशे,
ठरावाची झेरॉक्स,
आणि जानराव वलथरेंची ताकीद :
"लेका, बुडला तरी वर येईन असा पाहाजो."

"समुद्रातला रेडिओ?" दुकानदार हसला,
म्हणून काउंटरवरचं पोरगंही हसलं.
"काका, नागपुरात समुद्र काहून शोधून राह्यले?"
म्हटलं, पाणी तर आहे ना बाप्पा.
खैरीच्या धरणात वैशाखाचं वावधन सुटलं
की काठ आधी धुरकट होतो,
मग नसतोच.
मागच्या साली तुळाराम दिघोरे
चार घंटे डोंग्यात बसून होता
मोबाइल छातीशी धरून.
बॅटरी फुल्ल होती. टॉवर नव्हता.

पोरानं हसणं आवरलं. तीन डबे काढले.

पहिला काळा, देखणा,
पडद्यावर नकाशा, चंद्राच्या कला,
भरती-ओहोटीचं गणित. साडेसतरा हजार.
बरोबर माझ्या खिशाएवढा.
हातात घेतला तर सोडवेना, खोटं कशाला बोलू.
पण आमच्याकडची ओहोटी सरकारी,
कालव्याचं दार उघडलं की येते,
तिचं गणित साहेबाच्या टेबलावर असतं.

दुसरा बावीसशेचा.
डब्यावर पाण्याचे थेंब छापलेले,
आत रबराची कडाच नाही.
पाण्यात पडला तर?
"तर दुसरा घ्या. सस्ताच तर आहे."

तिसरा पिवळा, बेढब,
बाळाच्या खेळण्यासारखा. आठ हजार सातशे.
पेन्सिल सेलवर चालतो,
म्हणजे गावात लाइट नसली तरी
किराण्यात सेल असतातच.
पाच वॅट लांबच्यासाठी, एक वॅट जवळच्यासाठी.
"टेकडीच्या मागं गेले तर आवाज वळत नाही, काका,
हे सरळ रस्त्यानं जाणारं आहे."
(एवढं खरं बोलणारा पोरगा
त्या दुकानात टिकेल असं वाटलं नाही.)
आणि लायसनचं म्हणाला. ते लागतंच.
अर्जावर शिक्का सोसायटीचा, सही जानरावची.

मी हट्टच धरला, मग बाहेर चहावाल्याची बादली घेतली.
विसळलेले कप बाजूला सरकले.
पिवळा बुडाला,
विचार केल्यासारखा थांबला,
आणि तोंड वर करून तरंगला.
चहावाला म्हणाला, आता हे पाणी बदलावं लागन.

दुकानात येऊन सोळा नंबर लावला.
पुस्तिकेत होतं, हा संकटाचा,
साऱ्या दुनियेत यावर कोणी ना कोणी कान लावून असतं.
मी बटन दाबलं. "हॅलो."
सोडलं.
नुसती खरखर, तळणीत पाणी पडल्यासारखी.
साऱ्या दुनियेत असेल,
बर्डीवर कोणी नव्हतं.

तेव्हा कळलं, आपण काय घ्यायला आलो ते.
डोंग्यात एक आणि काठावर कोणी नाही,
म्हणजे पुन्हा छातीशी धरलेला मोबाइलच.
"दोन दे," म्हटलं. "पिवळे."
काळ्याकडे एकदा पाहून घेतलं.
दोनशे उरले. सेल आणि परतीचं तिकीट.

डोंग्यातला कोणाकडे, यावर दोन मीटिंगा झाल्या,
एक भांडण, एक बहिष्कार.
काठावरचा मात्र कोणालाच नको होता,
दिवसभर कोण बसणार कानाला डबडं लावून?
तुळारामची बायको बेबीनंदा मागून बोलली,
"मले द्या. तशीबी मी ऐकूनच राह्यते."

पहिल्या दिवशी तुळाराम मधोमध गेला.
आम्ही काठावर.
तिनं बटन दाबलं आणि सोडलंच नाही.
संध्याकाळी तो सांगत होता :
कोंबडी ऐकू आली, भांडं पडलेलं ऐकू आलं,
शेजारच्या पोराला घातलेल्या शिव्या.
मी ओरडून राह्यलो, बटन सोड, बटन सोड,
पण दाबलेलं बटन ऐकत नाही ना.
"मग बंद काहून नाही केला?" जानराव म्हणाले.
तुळाराम जाळ्यातली गाठ सोडवत राहिला.